ज्या पाण्यात पाय सोडतो, तेच पितो

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास खडकवासल्याच्या चौपाटीवर गेले की निम्मे पुणे तिथेच लोटले आहे असे वाटते. सिंहगडावरून उतरलेल्या गाड्या, पानशेतहून परतणाऱ्या गाड्या, शेगडीवर तडतडणारी कणसे, भज्यांच्या कढया. खाली पाण्याशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे असलेले बाप आणि त्यांच्या बोटाला धरून पाण्यात उतरलेली पोरे. एक मुलगा ओंजळ भरून बहिणीच्या तोंडावर पाणी उडवतो. ती खिदळते आणि त्यातले घोटभर पाणी तिच्या तोंडात जाते. घरी गेल्यावर नळाचे जे पाणी ती पिणार आहे, तेही याच धरणातले. मात्र त्या दोन घोटांत बराच फरक आहे.

दर उन्हाळ्यात या काठावरून एक वाद ठरल्यासारखा उठतो. धरणात अंघोळ करणाऱ्यांचे, गाडी धुणाऱ्यांचे एखादे छायाचित्र फिरू लागते आणि ‘हे पाणी आम्ही पितो’ असा संताप सुरू होतो. कुंपण घाला, दंड करा, चौपाटी उठवा. दुसरीकडून उत्तर येते की एवढ्या मोठ्या शहरात फुकटात गार वारा मिळण्याची जागा उरली आहे तरी किती? दोन्ही बाजूंचे लोक मला भेटतात, कधी कधी एकाच घरात. माझे मत असे की भांडण खरे आहे, पण ते चुकीच्या जागी चालले आहे.

आधी धरण समजून घेऊ. खडकवासला एकोणिसाव्या शतकातले, १८६९ मध्ये काम सुरू झालेले दगडी धरण. टेमघर, पानशेत आणि वरसगाव ही तीन धरणे त्याच्या वर आहेत आणि त्यांचे पाणी खडकवासल्यातून पुढे येते. चारही धरणांची मिळून उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७ टीएमसी, म्हणजे सुमारे साडेपाच हजार कोटी लिटर. आकडा प्रचंड वाटतो, पण वरून पाणी आले नाही आणि फक्त शहराने त्यातून उपसा केला, तरी भरलेले खडकवासला महिना-सव्वा महिन्यात तळाला जाईल. त्यात शेतीची आवर्तने वेगळी. थोडक्यात, हा काही वर्षानुवर्षे पाणी निवांत मुरत पडलेला जलाशय नव्हे. शहराच्या नळापूर्वीचे हे शेवटचे भांडे आहे. वरच्या मोठ्या धरणात काही पडले तर ते पातळ व्हायला, तळाशी बसायला, उन्हाने जंतू मरायला वेळ मिळतो. इथे तो वेळ कमी.

मग या भांड्यात माणसे उतरली तर किती बिघडते? याचा थोडा हिशेब करता येतो. पोहायला उतरलेल्या माणसाच्या अंगावरून पाण्यात मिसळणारी विष्ठा सरासरी ०.१४ ग्रॅम धरली जाते. वाचायला किळस येते, पण जलतरण तलावांच्या अभ्यासातून आलेला आणि बराच वापरला जाणारा हा अंदाज आहे. एका रविवारी पाच हजार लोक पाण्यात उतरले असे समजू. एकूण झाले ७०० ग्रॅम. एक माणूस दिवसाला साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम शौच करतो. म्हणजे पाच हजार अंघोळ करणाऱ्यांनी मिळून धरणात जे सोडले, ते पाच-सहा जणांच्या एका दिवसाच्या शौचाएवढे.

आता त्याच पाच हजारांतले फक्त पन्नास जण, जवळपास स्वच्छतागृह नाही म्हणून, झुडपाआड गेले असे धरा. ते झाले सहा-सात किलो. पहिल्या जोरदार पावसात ते ओघळून धरणातच येणार. आणि पाणलोटातल्या दोन हजार वस्तीच्या एखाद्या गावाचे सांडपाणी ओढ्याला मिळत असेल, तर रोजचे अडीचशे किलो, तेही बाराही महिने. बॅकवॉटरच्या काठावर उभ्या राहिलेल्या एखाद्या हॉटेलच्या किंवा फार्महाउसच्या शोषखड्ड्यातून झिरपणारे पाणी कोणाच्या छायाचित्रात येत नाही. ते ना हसते, ना ओले कपडे वाळत घालते.

हा हिशेब ढोबळ आहे हे मला ठाऊक आहे. रोगजंतू वजनावर चालत नाहीत. जुलाब होत असलेले एकच मूल पाण्यात बसवले तर निरोगी हजार जणांपेक्षा जास्त घाण करू शकते, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीची लागण झालेले मूल दिवसाला कोट्यवधी बीजकोश बाहेर टाकते आणि त्यांतले दहाही नव्या माणसाला आजारी पाडायला पुरतात. शिवाय साडेपाच हजार कोटी लिटर पाणी कुणी डावाने ढवळून एकजीव करत नाही. काठावर टाकलेले बराच वेळ काठावरच राहते. पण हिशेबाचा रोख बदलत नाही. पोहणाऱ्यांपेक्षा नसलेली स्वच्छतागृहे महागात पडतात आणि त्याहून कितीतरी महाग पडते ते वरून येणारे सांडपाणी.

‘क्लोरीन टाकतात की, मग काळजी कसली?’ हा पुढचा प्रश्न. क्लोरीन गुणी आहे, त्याने जगभरात कोट्यवधी जीव वाचवले. पण सगळे जंतू त्याच्यापुढे सारखे नमत नाहीत. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू मिनिटाच्या आत मरतो. काविळीचा ए प्रकारचा विषाणू साधारण पंधरा-सोळा मिनिटे टिकतो, जिआर्डिया पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र दहा दिवसांहून अधिक तग धरतो. धरणातून आपल्या नळापर्यंत यायला पाण्याला दहा दिवस लागत नाहीत. या परजीवीला अडवायचे तर पाण्यात तुरटी टाकून गाळ बसवणे आणि मग ते वाळूच्या थरातून गाळणे हाच नेहमीच्या शुद्धीकरणातला उपाय आहे. शहरातल्या मोठ्या केंद्रांत हे टप्पे असतात. पण ते रोज नीट चालावे लागतात.

नीट न चालल्यावर काय होते, ते अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९९३ च्या वसंतात पाहिले. हे शहर मिशिगन सरोवराचे पाणी पिते आणि त्याच सरोवराच्या काठावर फिरते, पोहते, नावा चालवते. त्या वर्षी एका शुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा काही दिवस वाढला. पाणी तेव्हाच्या मानकांत बसत होते, क्लोरीनही होते. तरी सुमारे चार लाख लोकांना जुलाब झाले आणि एचआयव्हीसारख्या आजारांनी ज्यांची प्रतिकारशक्ती खचली होती, त्यांतले अनेक दगावले. सुरुवातीला बोट गुरांच्या गोठ्यांकडे दाखवले गेले. नंतर साठवलेल्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा तो परजीवी माणसांत फिरणाऱ्या प्रकारचा निघाला.

आता एक गंमत सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याच्या साठ्यांचे वापरानुसार वर्ग केले आहेत. ‘ब’ वर्ग उघड्यावर अंघोळीसाठी. त्यात शंभर मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत चालते. ‘क’ वर्ग शुद्धीकरण करून पिण्यासाठी. त्यात चालते ५,०००. छपाईची चूक नाही ही. अंघोळीचे पाणी पिण्यासाठी घेतलेल्या पाण्यापेक्षा दहापट स्वच्छ हवे, कारण पिण्याचे पाणी पुढे गाळले जाणार, त्यात क्लोरीन पडणार. अंघोळ करणारा मात्र ते जसे आहे तसे गिळणार. चौपाटीवरच्या त्या मुलीच्या दोन घोटांतला फरक हाच. नळाचे पाणी पिणारे पुणेकर तिच्यावर चिडतात, पण त्या क्षणी जास्त धोक्यात तीच असते. पाणी पिण्याच्या स्रोतात आहे म्हणजे स्वच्छच असणार, हा तिच्या बापाचा समज खरा नाही.

आणि तिच्याइतकीच धोक्यात असतात धरणाच्या काठावरची गावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांतली ताकद जाणे आणि काहींना थेट व्हेंटिलेटर. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला चढवते, असा हा आजार. पुढच्या काही आठवड्यांत रुग्णांचा आकडा दोनशेच्या आसपास गेला, काहींचा मृत्यू झाला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला ही नावे रोज बातम्यांत होती. २०२१ मध्ये महापालिकेत आलेली ही गावे. धरण यांच्या उशाशी, पण त्यांना मिळणारे पाणी शुद्धीकरण केंद्रातून गाळून येत नव्हते. त्यात जंतुनाशक टाकून ते सोडले जात होते. जारचे पाणी सुरक्षित म्हणून लोक तिकडे वळले, तर काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही दूषित निघाले आणि ते बंद करावे लागले.

ही साथ चौपाटीवरच्या लोकांमुळे आली असे म्हणायला काहीही आधार नाही, आणि मी तसे सुचवतही नाही. मला वेगळी गोष्ट दाखवायची आहे. एकाच धरणाचे पाणी तीन प्रकारच्या लोकांच्या पोटात जाते. लांबच्या पेठांत राहणाऱ्यांना ते गाळून, क्लोरीन घालून मिळते. काठावरच्या गावांना नुसते क्लोरीन घालून मिळत होते. आणि पाण्यात खेळणाऱ्या पोरांना कशाशिवायच. आवाज मात्र सर्वांत मोठा पहिल्यांचा.

बाहेर काय करतात? झुरिचमध्ये पिण्याचे सुमारे ७० टक्के पाणी झुरिचच्या सरोवरातून येते आणि उन्हाळ्यात सगळे शहर त्याच सरोवरात डुंबत असते. जर्मनीतल्या सुमारे चाळीस लाख लोकांना पाणी पुरवणारे बोडेन सरोवरही तसेच, त्यात तर जहाजे चालतात. तिथे पाणी उचलतात ते सुमारे साठ मीटर खोलीवरून, मग बारीक जाळ्या, ओझोन, वाळूचे थर. शिवाय काठावरच्या गावांचे सांडपाणी सरोवरात न सोडण्यासाठी त्यांनी काही दशके खर्च केली. उलट उदाहरण बोस्टनला पाणी देणाऱ्या क्वाबिन जलाशयाचे. तिथले पाणी वाळूतून गाळले जात नाही, फक्त निर्जंतुक केले जाते. म्हणून तिथे पोहायला बंदी आहे, मासेमारीच्या नावांना ठरावीक भागच मोकळा आणि नाव पाण्यात उतरवण्यापूर्वी धुऊन तपासली जाते. काठावरच्या जंगलात फिरायला मात्र माणसे खुशाल जातात. म्हणजे केंद्रात जितके जास्त गाळाल तितके सरोवर मोकळे ठेवता येते आणि जितके कमी गाळाल तितके सरोवर राखावे लागते. आपण काठावरच्या गावांसाठी यांतले एकही केले नाही.

खडकवासल्यापुरते माझे मत सांगून टाकतो. चौपाटी राहावी. पोहणे आणि मोटारबोटी इथे नकोत. बोडेनची साठ मीटर खोली आपल्याकडे नाही, पाणी फार थोडे दिवस थांबते, आणि तेच शहराचे शेवटचे भांडे आहे. दर उन्हाळ्यात इथे बुडून जाणाऱ्या तरुण मुलांची बातमी येते, तेवढे एक कारणही पोहण्याच्या बंदीला पुरेसे आहे. नावच चालवायची तर वल्ह्याची किंवा शिडाची. समोरच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बेमध्ये ती शिकतातच. कुंपण मात्र मला मान्य नाही. ज्या पाण्याजवळ कोणी फिरकत नाही, त्यात रात्री कोणी टँकर रिकामा केला तर पाहणारा कोण? वास आला, मासे मेले, पाणी हिरवे पडले, हे आधी कळते ते रोज काठावर फिरणाऱ्याला, कणसे विकणाऱ्या बाईला, गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याला.

कुंपणाच्या मागणीतला एक सूर मला विशेष खटकतो. ‘असली गर्दी’ पाणी बाटवते, अशा अर्थाचे शब्द शिकलेल्या माणसांच्या तोंडी सहज येतात. पाण्याजवळ कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच नुसता आरोग्याचा नव्हता. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला काय झाले, हे शाळेत सगळ्यांनी वाचले आहे. म्हणून कोणाला पाण्यापासून दूर ठेवण्याचे कारण सांगताना ते कारण मोजलेले असावे, एवढीच माझी अपेक्षा. आणि मोजले तर बोट गर्दीकडे कमी, गटाराकडे जास्त वळते.

जुन्या गावांतल्या पाणवठ्याचा एक नियम मात्र घेण्यासारखा होता. नदीवर प्यायचे पाणी वर भरायचे, धुणे त्याखाली, गुरे त्याच्याही खाली. पाणी एकच, जागा ठरलेल्या. धरणावरही तसे आखता येते. भिंतीजवळ आणि जिथून पाणी उचलले जाते त्या भागात काठाला कोणी उतरायचे नाही. चौपाटीला पायऱ्यांचा बसायचा काठ, तिथे स्वच्छतागृहे, हात धुवायला पाणी आणि साबण, आणि तिथला मैला टाकीत साठवून बाहेर नेण्याची सोय. गाड्या पाण्याच्या पातळीपर्यंत खाली नेता येणार नाहीत अशी अडवणूक. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या गाळावर गाड्या जातात, तिथेच धुतल्या जातात, तिथेच जेवणावळी होतात. जूनमध्ये पहिल्या सरी येतात तेव्हा दोन-तीन महिन्यांचा तो सगळा ऐवज एकदम पाण्यात उचलला जातो. नेमके तेव्हाच पाणी गढूळ होऊन गाळणीवर सर्वाधिक ताण असतो, आणि भिजायला येणाऱ्यांची गर्दीही तेव्हाच उसळते. वर्षातला एखादा महिना काठ बंदच ठेवायचा असेल तर तो हा.

आणि या सगळ्याच्या आधी, काठावरच्या गावांना गाळलेले पाणी आणि त्यांच्या सांडपाण्याला वाट. हे खर्चाचे काम आहे, फीत कापण्यासारखे नाही, आणि निवडणुकीत दिसतही नाही. पण ज्यांच्या उशाशी धरण आहे त्यांनीच जार विकत आणावेत आणि ज्यांचे गटार धरणात जाते त्यांनी दुसरीकडे बघावे, हे फार काळ चालणार नाही. कित्येकदा ते दोन्ही लोक एकच असतात.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे थोडेसे. मुलाला जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावरही दोन आठवडे त्याला कोणत्याही पाण्यात खेळायला उतरवू नका. लंगोट बांधलेल्या बाळाला तर धरणाच्या पाण्यात बसवूच नका. काठावरचे पाणी तोंडात गेले तर थुंकायला शिकवा आणि कणीस हातात देण्यापूर्वी हात धुवा, धरणाच्या पाण्याने नव्हे, घरून आणलेल्या. पाण्याची शंका असेल तेव्हा ते उकळा. खळखळून उकळी आली की क्रिप्टोस्पोरिडियमसुद्धा मरतो. जुलाबानंतर हातापायांत मुंग्या आल्या, जिना चढताना पाय लटपटू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज एक चौकट येते. कोणत्या धरणात किती टीएमसी, किती टक्के, गेल्या वर्षी आजच्या दिवशी किती होते. पुणेकर ती चौकट क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतात. खडकवासल्याच्या ओळीपुढे आणखी एक आकडा छापता येईल, चौपाटीच्या काठावरच्या पाण्यात या आठवड्यात शंभर मिलिलिटरमागे किती कोलिफॉर्म निघाले त्याचा. तपासणी स्वस्त आहे, दोन-तीन दिवसांत निकाल येतो. तोच आकडा चौपाटीवर, कणसाच्या गाड्यांशेजारी, फळ्यावर खडूने लिहिता येईल. तो ५०० च्या वर असेल त्या रविवारी मुलीला पाण्यात उतरू द्यायचे की नाही, हे तिचा बाप स्वतःच ठरवेल.